सुतळी, तारा आणि आमच्या बाई

३ नोव्हेंबर, सोमवार

संगणकाचा तास – आणि संगणक बंद!

सरांचा पाय मोडलाय म्हणून त्यांच्या जागी नव्या बाई आल्यात. आल्या आल्या म्हणाल्या, "यंत्रांना झोपू द्या. सगळे मधे या." आणि पिशवीतून काढला सुतळीचा हा एवढा गुंडा! आम्हाला वाटलं, गठ्ठे बांधायला लावणार.

गोल उभं केलं. म्हणाल्या, तुम्ही सगळे संगणक. प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचंय. तर प्रत्येकाकडून प्रत्येकाकडे सुतळी न्या. नेली. पाचव्या-सहाव्यापर्यंत ठीक होतं, मग कुणाचा हात कुणाच्या गळ्यात आणि कुणाची वेणी कुणाच्या बटणात. शिपाईमामा सूचनेचा कागद घेऊन आले, त्यांना आतच येता येईना. दारातूनच वाचून दाखवला.

"आता कळलं का, असं का करत नाहीत?" बाई म्हणाल्या. कळलं! अगदी मानेपर्यंत कळलं.

मग सगळी सुतळी सोडवली (त्यातच अर्धा तास गेला) आणि टाचणीला मधे स्टुलावर बसवलं. टाचणी म्हणजे माझी सख्खी मैत्रीण – बारीक आहे आणि टोचते, म्हणून टाचणी. प्रत्येकाची एकच सुतळी, ती टाचणीकडे. ज्याला जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, वर कुणाला ते लिहायचं, टाचणी ज्याची त्याला देणार. म्हणजे टाचणी झाली स्विच.

टाचणीनं पहिलीच चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली.

"अगं, स्विच फक्त पत्ता बघतो! आतलं वाचत नाही!"

"मग त्यात मजा काय, बाई?"

बाई हसल्या. हसताना डोळे मिटतात त्यांचे. चांगल्या वाटतात.

४ नोव्हेंबर

जेवताना सांगितलं. आत्या हसून हसून बेजार. बाबा मात्र घास हातात धरून बसले.

"सुतळी? सुतळीनं नेटवर्क शिकवतात?"

बाबांचा धंदाच तो. ऑफिसात, दवाखान्यात, दुकानात छताखालून तारा ओढायच्या, डबे बसवायचे, दिवे लुकलुकले की घरी यायचं. एकदा तर ऑपरेशनच्या खोलीच्या छतात अडकले होते. सुतळी म्हणजे त्यांचा अपमानच!

जेवण तसंच टाकून आतून निळी तार आणली आणि आत्याची कात्री घेऊन कचकन सोलली. आत्या घरी शिवणकाम करते. तिच्या कात्रीनं कुणी कागद कापला तरी ती दोन दिवस बोलत नाही. आणि यांनी तार कापली!

पण आतमध्ये काय सुंदर असतं! आठ बारीक तारा. दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. आणि प्रत्येकीची जोडीदार पांढरी, त्याच रंगाचा पट्टा असलेली.

"हे दाखव तुझ्या बाईंना," बाबा म्हणाले. "सुतळी म्हणे."

आत्या अजून कात्रीची धार बघतेय.

५ नोव्हेंबर

आज पत्ता म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एकेक आकडा लावला, तर दोघांना चुकून एकच आला – सात आणि सात. बाईंनी मुद्दामच लावला होता म्हणे. सातला लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी दोघं ओढायला लागले. शर्टाचा खिसा फाटला एकाचा.

एका नेटवर्कात दोघांचा पत्ता एक असता कामा नये. खिसा फाटल्यामुळे हे आता कुणीच विसरणार नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तार नेली. बाईंना इतका आनंद झाला की मलाच लाजल्यासारखं झालं. भिंगाखाली धरून सगळ्यांना दाखवली.

"पीळ का घालत असतील?"

मी हात वर केला. "छान दिसतं म्हणून."

सगळे फिदीफिदी. बाई नाही हसल्या. म्हणाल्या, "छान दिसतंच. पण शेजारच्या तारेतला गोंगाट असतो ना, तो पीळ घातलेल्या जोडीत दोघींवर सारखा पडतो. मग तो वजा करून टाकता येतो, आणि खरं बोलणं तेवढं उरतं." मग मला म्हणाल्या, "वडिलांना विचारशील? छतातून तार नेताना विजेच्या तारांपासून किती लांब ठेवतात?"

घरी विचारलं. बाबांनी उत्तर द्यायला सुरुवात केली ती मी झोपेपर्यंत. चित्रं काढून. मधेच खुर्चीवर चढून छताला हात लावून.

"एवढं सगळं मी उद्या कसं सांगू?"

"नीट ऐकलंस तर सांगशील."

मी काय टपाल आहे?

७ नोव्हेंबर

जिराफाचा दिवस!

बाईंनी भिंतीएवढं जिराफाचं चित्र आणलं आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यामागे आकडा, आणि पोचवायचं कुणाला तेही. वर्गाच्या या टोकाकडून त्या टोकाला. पण सगळे एकाच वाटेनं नाही – काही खिडकीकडून, काही फळ्याकडून, काही सरळ मधून. मोठी गोष्ट एकदम पाठवतच नाहीत म्हणे. फोटो असो, गाणं असो, आधी तुकडे. तुकडे वाटेल त्या वाटेनं जातात, मागेपुढे पोचतात, आणि तिकडे आकड्यांवरून पुन्हा जुळतात.

आमचा जिराफ पोचला. मानेशिवाय!

"एक तुकडा हरवला की काय करायचं?" बाई.

"रडायचं," टाचणी.

"पुन्हा मागवायचा!"

तर सगळे ओरडायला लागले – नववा पाठवा, नववा पाठवा! शोधाशोध. शेवटी तो निघाला टाचणीच्या खालून. बसली होती त्यावर. "मी म्हणजे वाहतूककोंडी होते," म्हणते कशी!

नंतर कुणीतरी विचारलं, एवढ्या तारा कशाला, बिनतारी असतं की. बाई म्हणाल्या, सगळे एकदम बोला. आम्ही बोललो. इतक्यात मोठ्या बाई – म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका – दारात! वर्ग एकदम चिडीचूप.

"हे काय चाललंय?"

"हवेत सगळ्यांना मिळून एकच जागा असते, ते शिकतोय," आमच्या बाई शांतपणे म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी खोलीभर नजर फिरवली. टेबलं, भिंती, तारा. "खोली जरा नीटनेटकी ठेवा," एवढंच म्हणून गेल्या. त्यांचं घारीसारखं असतं. बोलतात कमी, दिसतं सगळं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेतलं नेटवर्क मेलं!

सकाळपासून एकही संगणक दुसऱ्याशी बोलत नाही. आमच्या खोलीतले नाहीत, ऑफिसातले नाहीत, ग्रंथालयातला तर नाहीच. आणि नेमके सहामाहीचे गुण भरून पाठवायची वेळ. मोठ्या बाई व्हरांड्यातून येरझाऱ्या घालताहेत. ज्या माणसानं नेटवर्क बसवलं तो फोन उचलत नाही.

एक कारकून म्हणाला, "ही सुतळीची थेरं सुरू झाल्यापासूनच." मला इतका राग आला! बाईंनी ऐकलं. कान लाल झाले होते नुसते.

तास संपल्यावर मला थांबवलं. "तुझे बाबा येतील का गं बघायला?"

११ नोव्हेंबर

आले. पिशवी, शिडी, डोक्याला बांधायचा दिवा. शाळेत बाबा म्हणजे मला कुठे बघावं कळेना. आणि मुलं माझ्याकडेच बघणार.

कोपऱ्यातल्या डब्यावरचे, म्हणजे खऱ्या स्विचवरचे, दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. एरवी एक इकडे, एक तिकडे, असे आपापले लागतात. आज सगळे एकदम, भराभरा, थांबायचं नावच नाही.

बाबांनी एक नजर टाकली. "डबा गेलाय."

"गेला असता तर दिवे लागले असते का?" आमच्या बाई.

"बाई, मी हेच करतो रोज."

"म्हणूनच विचारतेय."

अरे देवा. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

बाबांनी पिशवीतून नवा डबा काढला, जुन्यातल्या सगळ्या तारा काढून नव्यात लावल्या, हात झटकले. नव्या डब्यावरचे दिवे आधी नीट लागले... आणि मग तेही वेडे झाले. तस्सेच!

 टाचणी म्हणाली, "हाही गेला?" तिला चिमटा काढला मी.

घरी आल्यावर बाबांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, "तुमच्या बाई फार प्रश्न विचारतात."

"मग?" आत्या. तोंडात टाचण्या धरून बोलते ती शिवताना.

"मग काय. बरोबर विचारतात."

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजचा दिवस मी म्हातारी झाले तरी विसरणार नाही!!

बाईंनी मोठ्या बाईंकडून परवानगी काढली आणि आख्खा वर्ग कामाला लावला. बाबाही होते. बाई म्हणाल्या, अंदाज नको, एकेक तार काढू. काढायची, दिव्यांकडे बघायचं, काही फरक नाही तर पुन्हा लावायची. जिथली तिथेच. टाचणी दिव्यांसमोर, मी कागदावर खुणा करायला, बाबा तारांशी. बाकीचे आपापल्या संगणकाशी.

"पहिली काढली."

"वेडेच!" टाचणी ओरडायची.

"दुसरी काढली."

"वेडेच!"

मग तर सगळा वर्गच सुरात ओरडायला लागला. बाबांनाही हसू आवरेना. आणि कितव्या तरी तारेला...

"थांबले! शहाणे झाले! बाई, शहाणे झाले!"

बाबांच्या हातात एक करड्या रंगाची तार होती. बाबांनी ती पकडून माग काढायला सुरुवात केली. टेबलाखालून, भिंतीच्या कडेनं, कपाटामागून... आणि तार फिरून आली परत त्याच डब्यात! तिचं एक टोक बाबांच्या हातात आणि दुसरं तिथेच, शेजारच्या भोकात. दोन्ही टोकं एकाच डब्यात!

बाबांनी कपाळावर हात मारला. अगदी जोरात.

बाईंनी फळ्यावर काढून दाखवलं. काही निरोप सगळ्यांसाठी असतात – "अमुक पत्ता कुणाचा आहे?" असे. डबा तो निरोप सगळ्या तारांवर पाठवतो. त्यातली ही तार त्यालाच परत आणून देणार. त्याला वाटणार, नवीनच आला! पुन्हा सगळीकडे पाठवणार. पुन्हा परत. एकाचे दोन, दोनाचे चार. गोल गोल. शेवटी तारांमध्ये खऱ्या बोलण्याला जागाच उरत नाही. डबा चांगला होता, नवाही चांगला होता. बिचारे ओरडून ओरडून दमले होते.

"पण हे टोक इथे लावलं कुणी?" कारकून. बघत होता आमच्याकडेच.

 खरंच कुणी लावलं नव्हतं. डब्याजवळच्या टेबलावरचा संगणक दुरुस्तीला गेलाय, तेव्हापासून त्याच्या तारेचं ते टोक नुसतंच लोंबत होतं.

तेवढ्यात दारातून आवाज. "मी."

मोठ्या बाई!

"शनिवारी. लोंबत होतं. समोर भोक रिकामं होतं. खोचलं."

टाचणीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. कारकून छताकडे बघायला लागला. आता काय होणार!

तर बाबा, ती तार हातात फिरवत, अगदी सहज म्हणाले, "बसवली मात्र झकास आहे हो. टक्क आवाज येईपर्यंत दाबली असणार. आमच्याकडच्या पोरांना वर्षभर शिकवून जमत नाही."

आधी कुणालाच कळेना हसायचं की नाही. मग मोठ्या बाईच हसल्या! शाळेत असं कुणी कधी पाहिलेलं नाही. दात आहेत त्यांना!

गुण गेले. नेटवर्क चालू. आमच्या बाई बाबांकडे बघून म्हणाल्या, "डबा गेला नव्हता तर."

"नव्हता," बाबा म्हणाले. "तुम्ही म्हणालात तेच."

१५ नोव्हेंबर

बाबा पुन्हा शाळेत गेले होते. तारांना चिठ्ठ्या चिकटवायच्यात म्हणे, कुठली कुठे जाते त्याच्या. मोठ्या बाईंनीच सांगितलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाबा पुन्हा गेले. चिठ्ठ्या संपत नाहीत वाटतं.

आज आम्हाला पिंग शिकवलं. दुसऱ्या संगणकाला नुसतं विचारायचं, "आहेस का?" तो म्हणतो, "आहे." बस. काम काही नाही, गप्पा नाहीत. आहेस का, आहे. आणि यायला-जायला किती वेळ लागला तेवढं दिसतं. मला फार आवडलं. मी आणि टाचणी तासभर तेच करत बसलो.

रात्री जेवताना बाबांचा फोन टिंग वाजला. बघून हसले.

"कोण?"

"कामाचं आहे."

आत्यानं माझ्या ताटात उगीचच भाजी वाढली.

१८ नोव्हेंबर

बाबांनी शर्टाला इस्त्री केली. स्वतः. कॉलर जाळली. शाळेतल्या तारा एवढ्या वाईट अवस्थेत असतील असं वाटलं नव्हतं मला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टाचणीशी कट्टी. कायमची.

म्हणाली, काल संध्याकाळी तिनं बघितलं – दवाखान्याशेजारच्या चहाच्या दुकानात बाबा आणि बाई. समोरासमोर. "बाई बोलत होत्या आणि तुझे बाबा कपात बघत होते. कप रिकामा होता गं."

"तारांचं बोलत असतील."

"हो, तर! तारांचं बोलताना माणूस असा लाजतो?"

मी तिला खोटारडी म्हटलं. ती म्हणाली, "तुला सोडून सगळ्या वर्गाला माहीत आहे." मग मी तिची पट्टी मोडली. मुद्दाम.

सगळ्या वर्गाला.

त्याच दिवशी, नंतर

आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला आठवतो तो फक्त एक हिरवा स्वेटर, नाकाला टोचणारा. तोसुद्धा मला आठवतो की आत्यानं सांगितलाय, कोण जाणे. बाबांना तर सगळी आई आठवत असेल. मग असं कसं?

मला बाई आवडायच्या. हाच राग येतोय जास्त. कुणी वाईट असतं तर किती बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर

बाईंनी वर्गात प्रश्न विचारला. मला येत होता. उत्तर नाही दिलं. पुन्हा विचारला. मी खिडकीबाहेर बघितलं. बाई रागावल्या नाहीत. पुढच्याला विचारलं.

घरीही बोलत नाहीये मी. "मीठ हवं?" – नाही. "थंडी वाजतेय?" – नाही. बाबा दाराशी येऊन उभे राहतात आणि परत जातात. दाराची बिजागरी तपासल्यासारखं करतात. बिजागरीला काहीही झालेलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आत्यानं फ्रॉकची उंची मापायला म्हणून उभं केलं. म्हणजे पळता येत नाही.

"रागावलीस?"

"नाही."

"रागव की. तुझा हक्कच आहे. सरळ उभी राहा."

मी रडायला लागले. ती खाली बसून दुमड घालत राहिली. वर बघितलंच नाही, बरं झालं. तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "तुझी आई माझी मैत्रीण होती आधी, वहिनी नंतर. मलाही पहिल्यांदा कळलं तेव्हा राग आला. सकाळी उठले, तर तुझा बाबा मोरीत गात होता. इतका बेसूर! मी तो आवाजच विसरले होते." मग पुन्हा दुमड धरून, "त्याच्याशी भांड. पण असं मुकं राहून मारू नकोस. तो भांडणार नाही, नुसता वाळत जाईल. माझा भाऊ आहे, मला माहीत आहे."

टाचणी टोचली पायाला. खरीखुरी.

२३ नोव्हेंबर, रविवार

भांडले. म्हणजे भांडायला गेले. बाबा गच्चीत तार गुंडाळत बसले होते.

"तुम्ही बाईंशी लग्न करणार?"

त्यांच्या हातातून गुंडाळी सुटली, सगळी तार पायऱ्यांवरून घरंगळत खाली. "को-कोण म्हणालं?"

"सगळा वर्ग."

"मी तर... मी काही बोललोच नाहीये त्यांच्याशी. तसलं."

"मग चहा पिताना काय बोलता?"

"तारांचं."

मी बघतच राहिले. खरंच तारांचं! टाचणीला सांगायला हवं – पण कट्टी आहे.

"आणि तुझ्याबद्दल," बाबा म्हणाले. "तू विचारतेस कसं, हसतेस कसं. त्यांना तू फार आवडतेस. मला वाटतं, मी त्यातल्या त्यात बरा वाटत असेन." मग चपलेकडे बघत, "आवडतात मला त्या. खोटं कशाला बोलू? पण तू नको म्हणालीस तर नको. विषय संपला. तुझ्या आईला मी विसरलो असं वाटत असेल तर..."

 चष्मा पुसत बसले. चष्मा इतका वेळ कुणी पुसत नाही.

 मग दोघांनी मिळून तार गुंडाळली. खालपासून वरपर्यंत.

"तो हिरवा स्वेटर आईचाच होता ना?" मी विचारलं.

"हिरवा? हो! तुझा दात अडकला होता त्यात एकदा. अख्खी बाही उसवलीस." आणि मग सांगतच बसले. अंधार पडेपर्यंत.

२४ नोव्हेंबर

टाचणीला माझी पट्टी दिली. तिनं ती मोडली. बट्टी.

बाईंच्या प्रश्नाला उत्तर दिलं. चुकलं. पण दिलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सरांचं प्लास्टर निघालं! सोमवारपासून सर येणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग एकदम कळलं की म्हणजे बाई जाणार.

लांबच्या एका शाळेत जागा मिळालीय त्यांना. रविवारी रात्रीच्या गाडीनं निघणार.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "चांगलं झालं. सरांचा पाय बरा झाला ते."

बस! एवढंच! आत्यानं शिवणयंत्र इतक्या जोरात चालवलं की दोरा तुटला.

"बाबा, बोला ना काहीतरी त्यांच्याशी," मी म्हटलं.

"काय बोलू? त्यांची नोकरी आहे. त्यांचं आयुष्य आहे. मी कोण मधे पडणार?" आणि गेले तोंड धुवायला. चौथ्यांदा.

छतातून शंभर हात तार ओढतील. दोन वाक्यं तोंडातून ओढता येत नाहीत.

मला वाटलं होतं, बाई जाणार म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल. नाही वाटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचा तास. बाई म्हणाल्या, आज मी शिकवणार नाही, तुम्ही शिकवा. पाचवीची सगळी चिल्लीपिल्ली आणून बसवली. टाचणी पुन्हा स्टुलावर. या वेळी एकही चिठ्ठी उघडली नाही तिनं! (नंतर कळलं, दोन उघडल्या होत्या.)

मी झाले राऊटर. मी दारात उभी राहिले आणि सांगितलं – वर्गातल्या वर्गात चिठ्ठी द्यायची तर स्विच पुरतो. पण दुसऱ्या वर्गातल्या कुणाला द्यायची असेल, तर ती दारात माझ्याकडे येणार. मला बाहेरच्या वाटा माहीत. एक वाट बंद असली तर दुसरीनं पाठवणार.

पाचवीतली एक दात पडलेली पोरगी म्हणाली, "आणि शगळ्याच वाटा बंद अशल्या तर?"

हे पुस्तकात नव्हतं.

"मग नाही पोचत," मी म्हटलं.

"अरेरे," ती म्हणाली. अगदी मनापासून.

बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना मी पहिल्यांदाच न हसता बघितलं.

जाताना सगळ्यांनी पाया पडायला, हात मिळवायला गर्दी केली. मी नाही गेले. चपलेचा पट्टा लावत बसले. त्या निघून गेल्यावर उठले.

बाबांचीच मुलगी मी.

२९ नोव्हेंबर

आत्याला विचारलं, बाईंची खोली कुठे आहे. तिनं का म्हणून विचारलं नाही. नुसता रस्ता सांगितला, कुठल्या जिन्यानं वर जायचं तेही. तिला कसा माहीत?

३० नोव्हेंबर, रविवार

गेले. एकटीच.

बाई स्टुलावर उभ्या राहून खिडकीचा पडदा काढत होत्या. खोलीत दोन बॅगा, भरलेल्या. मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले.

म्हटलं, "आमच्याकडे या. राहायला. कायमच्या."

"बाबांनी पाठवलं?"

"नाही. त्यांना माहीतही नाही."

बाईंनी पडदा काढून त्याची घडी घातली. मग खाली उतरल्या, चपला घातल्या. म्हणाल्या, "चल. त्यांनाही विचारून बघू."

दार बाबांनीच उघडलं. भोकाचं बनियन, डोक्याला तेल, हातात अर्धा सोललेला बटाटा. माझ्याकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. 

मग बटाटा माझ्या हातात दिला आणि बाईंना म्हणाले, "या ना. आत या."